टानेकेचा उजवा हात

“जुना ठसा द्या, म्हणजे त्यावरून बघून नवा करतो,” मी म्हणालो.

मास्टर एव्हरार्टनी नाकावरचा चष्मा काढून बाहीला पुसला. “तो नाही आता. मालकीणबाईंनी सोमवारीच सुताराकडे दिला. रंधा मारून सपाट झाला असेल एव्हाना. इतकं जाड नासपतीचं लाकूड हल्ली मिळतं कुठे?”

“सपाट?”

“मग काय वेदीवर ठेवून मेणबत्ती लावायची त्याच्यापुढे? चुकीचा ठसा तो, गोमार. तेरा वर्षं चुकीचा.”

मी टोपी हातात धरून उभा होतो. खालच्या मजल्यावर छपाई चालू होती. दर दाबाला पायाखालच्या फळ्या हलत होत्या. मास्टर एव्हरार्ट आमच्या छापखान्याचे तपासनीस. अँटवर्पमध्ये ‘बगळ्याचा छापखाना’ म्हटलं की लोक त्यांचंच नाव घेतात. इथे छापायचं प्रत्येक पान आधी त्यांच्या डोळ्यांखालून जातं. त्यांना लॅटिन येतं, ग्रीक येतं. मी पुस्तकातल्या चित्रांचे लाकडी ठसे कोरतो. मला आमची फ्लेमिश तेवढी येते आणि तीही वाचताना बोट ठेवावं लागतं.

माझी बायको टानेके जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते. हे मास्टरना माहीत होतं. दफनाला ते आले होते, पावसात उभे राहिले होते. पण त्या ठशात टानेकेचा हात होता, हे त्यांना माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं आणि आमच्या मुलीला, लिस्केनला.

“हे घे.” त्यांनी टेबलाच्या खणातून एक नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. काळपट, झिजलेलं, एका कडेला चावल्यासारखं. “रोमन सम्राटांच्या काळचं आहे. हरवलंस तर मी तुला हरवीन. बघ, दोन हात आहेत, एकमेकांत धरलेले. दोन्ही उजवे. रोमन माणूस वचन द्यायचा ते उजव्या हाताने. विश्वास नावाची त्यांची देवी होती, तिचं हे चिन्ह. आपल्या पुस्तकातली ओळही तीच, कविताही तीच, आणि मध्ये तुझे ते डावे हात! डाव्या हाताने रोमन लोक काय करायचे माहीत आहे? चोरी. चर्चच्या परीक्षकांनाही विचारून आलो. ते म्हणाले, न्यायाच्या दिवशी देव पापी लोकांना, म्हणजे शेळ्यांना, डावीकडे उभं करणार आहे. म्हणजे रोमनांनाही नको आणि देवालाही नको, असा हात तू काढून ठेवला आहेस.”

“चूक झाली, मास्टर.”

“ती तेव्हाच सांगितली होती मी. तेव्हा पानं छापून झाली होती आणि शहराला वेढा पडत होता, हातांकडे कोण बघतो. पण आता नवी आवृत्ती निघते आहे. ह्या नाण्यावरून काढ. गुळगुळीत हात. पुढच्या शुक्रवारी ठसा हवा. नाही जमलं तर मालकीणबाई म्हणतात, तांब्याच्या पत्र्यावर करून घेऊ.”

ते शेवटचं त्यांनी हळू आवाजात म्हटलं. मला लागू नये म्हणून. हल्ली सगळ्यांना तांब्याचे पत्रे हवे असतात. रेघ बारीक येते. लाकूड कोरणारे आम्ही ह्या गल्लीत एके काळी अकरा जण होतो. आता मी आणि तो बहिरा कोर्नेलिस.

सुताराकडे जाऊन ठसा बघितला. खरंच सपाट होता. हात फिरवला तर काही लागलं नाही. सुतार म्हणाला, “छान लाकूड आहे हो, दोनदा वापरता येईल.” मी तो काखेत मारून घरी आलो. नवा ठसा त्याच्यावरच कोरायचा होता.

ही पुस्तकं कशी असतात ते सांगतो. पानावर वर एक ओळ, मध्ये चित्र, खाली कविता. तिन्ही जोडून वाचणाऱ्याने अर्थ लावायचा आणि शहाणं व्हायचं. लूव्हेनच्या विद्यापीठातले विद्यार्थी ती मध्ये मध्ये कोरी पानं घालून बांधून घेतात आणि मित्रांकडून त्या पानांवर लिहून घेतात. मालकीणबाई सांगायच्या, हातांच्या चित्रासमोरच्या कोऱ्या पानावर सगळ्यात जास्त लोक लिहितात. हात डावे आहेत हे एकाही विद्यार्थ्याने कधी म्हटलं नव्हतं.

वरची ओळ आणि खालची कविता माझ्यासाठी नव्हती. मी फक्त मधलं बघायचो. टानेकेला वाचता यायचं नाही, तीही मधलंच बघायची. मी घरी कच्चे छाप आणले की ती पीठ मळता मळता त्यांचे अर्थ लावायची. एक पक्षी आपल्या छातीत चोच खुपसून पिलांना रक्त पाजतो आहे, असं चित्र होतं. आपला प्रभू येशू तसा, असा त्याचा अर्थ. टानेके म्हणाली, “ह्या कोंबडीला कुणीतरी दाणे टाका रे.” दैवाची देवी एका गोळ्यावर उभी, हातात शीड, अंगावर चिंधी नाही. “बाई गं, थंडी वाजत नाही का हिला?” वेढ्यानंतर चर्चचे परीक्षक आले आणि त्या देवीला कापड नेसवायचा हुकूम झाला. मी ठशात भोक पाडलं, लाकडाची खुंटी ठोकली आणि तिच्यावर कापड कोरलं. टानेके गल्लीभर सांगत सुटली, “मी आधीच म्हटलं होतं. मला विचारत जा म्हणावं.”

चित्रं मी काढत नसे. चित्रकार ठशावर काढून देई, मी त्याची रेघ सांभाळून बाजूचं लाकूड कोरून टाकी. हात मात्र मी काढले. तेरा वर्षांपूर्वी चित्रकार तापाने पडला आणि मालक, म्हणजे आताच्या मालकीणबाईंचे यजमान, मला म्हणाले, “दोन हात तर आहेत. ढगातून आलेले. तूच काढ.” आयुष्यात मी स्वतः काढलेलं तेवढंच चित्र.

घरी आलो. टानेके राय धान्याच्या पिठाचे गोळे करत होती.

“हात दे,” मी म्हणालो.

“कशाला?”

“काढायचाय. उजवा दे.”

“पीठ लागलंय.”

“असू दे.”

तिने हात दिला. मी माझ्या उजव्या हातात धरला. मग लक्षात आलं की मी काढतोही उजव्याच हाताने. तेव्हा काय करणार? धरायचा, नीट बघून घ्यायचा, सोडायचा, ठशावर दोन रेघा काढायच्या, की पुन्हा धरायचा. अशी दुपार गेली. ठशाला पीठ लागलं, पेन्सिलीला पीठ लागलं.

“लग्नात पाद्रीबाबांनी धरायला लावला तेव्हा एवढा वेळ नव्हता धरलास.”

“तेव्हा तुझा बाप बघत होता.”

“आणि आता पाव करपतायत ते कोण बघणार?” तरी तिने हात काढून घेतला नाही. “बोट सरळ काढ हं माझं.”

तिची उजवी करंगळी वाकडी होती. लग्नाआधी ती ओढ्याकाठी कापडं शुभ्र करायच्या कामावर होती. तिथे कापड पिळायच्या दांड्यात करंगळी सापडली आणि तशीच बसली.

“आहे तसं काढणार,” मी म्हणालो.

“का? पुस्तकातल्या इतर बायका तर नुसत्या संगमरवरी असतात.”

“त्या मी काढत नाही.”

ह्या सगळ्यात मी एक गोष्ट विसरलो. ठशावर जे काढाल ते कागदावर उलटं उमटतं. गल्लीतल्या शेंबड्या पोराला हे माहीत असतं. चित्रकार नेहमी उलटं काढून द्यायचा, त्यामुळे मला तो विचारच करावा लागत नसे. मी समोर दिसले तसे दोन उजवे हात काढले, कोरले, आणि कागदावर डावे आले. कच्चा छाप घरी आणला तेव्हा टानेकेने आपला हात त्याच्याशेजारी धरून बघितला. “हा माझा नाही. आरशातल्या बाईचा आहे.” मग खूप हसली. माझा चेहरा पडला तशी हसायची थांबली, कणकेची खळ केली आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तेरा वर्षं तो तिथे होता. धुराने पिवळा पडला होता. मीठ घ्यायला दार उघडलं की दिसायचा.

आता ठसा नव्हता. तेवढा कागद होता.

मी आधी नाण्यावरून काढून बघितलं. मास्टरचं ऐकायचं असंच मनात होतं. पण नाण्यावरचे हात इतके झिजलेले की दोन मासे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसत. मग कागदाला तेल लावून पारदर्शक केला, कपाटातल्या छापावर धरला आणि गिरवला. हात आला, पण कुणाचाही. माझे डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, रेघेवरून रेघ ओढताना ती थोडी इकडे जाते, थोडी तिकडे. करंगळी वाकडी आली, पण ती टानेकेची वाकडी नव्हती. तीन वेळा गिरवला. तिन्ही कागद चुलीत घातले.

एकच वाट उरली. कपाटातला छाप सोडवायचा, तोच ठशावर चित्र वर ठेवून चिकटवायचा आणि कागदातूनच कोरायचं. कागदावरचा हात डावा, म्हणून ठशावरही डावा, म्हणजे छापला की उजवा येणार. आणि रेघ तीच, त्या दुपारची. पण कोरताना कागदाचा भुगा होतो. तो पुन्हा मिळत नाही. सुरी घसरली तर ठसाही जाणार आणि कागदही.

लिस्केन दोन घरं सोडून राहते. रोज संध्याकाळी ताकातली लापशी घेऊन येते. तिला सांगितलं तर तिने भांडं आपटलं.

“डोकं ठिकाणावर आहे का, बाबा? आईचं तेवढंच राहिलंय घरात.”

“तिचे कपडे आहेत की.”

“कपडे काय! कपडे मी परवा वाटून टाकले मठात.” ती थांबली. “सांगणार होते तुला.”

“बरं केलंस.”

“तो कागद मला दे. तुला नाण्यावरचे हात काढायला सांगितलेत ना, मग ते काढ. पुस्तक घेणाऱ्यांना काय कळतंय?”

“त्यांना नाही कळणार.”

“मग?”

मी म्हणालो, “कपाटात आहे तो हात डावा आहे, लिस्केन. ती म्हणाली होती ना, माझा नाही म्हणून.”

“गंमत करत होती ती!”

“माहीत आहे.”

“आणि तुझा हात थरथरतो. काल पेल्यातली बिअर सांडलीस.”

“पेला धरताना थरथरतो. सुरी धरताना नाही.”

ती भांडं तिथेच ठेवून निघून गेली. लापशी मी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटाचं दार बिजागरीतून काढून टेबलावर आडवं ठेवलं आणि ओल्या फडक्याने कडा भिजवू लागलो. एक कोपरा फाटला, फक्त ढगाचा. तेवढ्यात लिस्केन आत आली, हातात उकळत्या पाण्याचं भांडं.

“सरक. तुला सगळं ओढायची घाई. वाफ द्यावी लागते.”

तिने दार भांड्यावर तिरकं धरलं. मी खालून बोथट सुरीने खळ सोडवत गेलो. दोघांच्या तोंडाला घाम सुटला. अर्ध्या तासाने कागद अख्खा निघाला. दारावर एक फिका चौकोन राहिला.

“चिकटव लवकर,” ती म्हणाली. “मला बघवत नाही.”

मी चार दिवस कोरलं. फक्त उजेड चांगला असे तेवढाच वेळ, खिडकीशी बसून. आधी ढग कोरले, मग बाह्या, मग माझा हात. तिचा शेवटी ठेवला. प्रत्येक रेघेला दोन बाजूंनी सुरी लावायची, मग गोल पटाशीने मधलं लाकूड उचलायचं. पटाशीबरोबर कागदाचे कण वर येत, मी ते फुंकून टाकत होतो. अंगठा. मनगटावरची घडी. नखं. तिची नखं मी तेव्हा इतकी लक्षपूर्वक काढली होती हे मी विसरलो होतो. करंगळीपाशी आलो तेव्हा सुरी खाली ठेवली, जाऊन एक खारवलेला हेरिंग मासा खाल्ला, हात धुतले, परत येऊन बसलो. करंगळीला पाऊण तास लागला. सुरी घसरली नाही. शेवटी टेबलावर ठसा राहिला. कागद उरला नव्हता.

शुक्रवारी सकाळी ठसा आणि नाणं घेऊन मास्टरकडे गेलो. त्यांनी आधी नाणं घेऊन खणात ठेवलं. मग ठसा खिडकीशी नेला. ठसा कसा वाचायचा ते त्यांना कळतं.

“हं. ठशावर डावा, म्हणजे कागदावर उजवा. देवाची कृपा.” मग त्यांनी ठसा डोळ्यांजवळ नेला. “हे काय? बोट मोडकं आहे.”

“हो.”

“नाण्यावर असं बोट नाही.”

“नाही.”

“मग कुठून आणलंस?”

“टानेकेचं आहे.”

मास्टर ठशाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा शेळ्या येणार. पण ते समजावणीच्या सुरात बोलले. “हे बघ गोमार. मला कळतं. पण ही कुणाची बायको नाही, ही देवी आहे. निदान तिचा हात आहे. एक मार्ग सांगतो. त्या देवीचे पुजारी पूजेला जाताना उजवा हात पांढऱ्या कापडात गुंडाळत, असं जुन्या ग्रंथांत लिहिलं आहे. तिथे भोक पाडून खुंटी बसव आणि बोटांवर कापड कोर. कापड तू छान कोरतोस. शास्त्रालाही धरून होईल. बोट झाकलं जाईल आणि हात तिचाच राहील.”

मला ते वाईट हेतूने सांगत नव्हते. त्यांच्या परीने त्यांनी माझ्यासाठी ग्रंथ उघडला होता.

“मास्टर,” मी म्हणालो, “कापड मी गुंडाळलं होतं. आठ आठवड्यांपूर्वी, दफनाच्या आधी. शेजारच्या बायका गुंडाळणार होत्या, पण मी म्हटलं मी करतो. करंगळी कापडात नीट बसेना, म्हणून सोडून पुन्हा गुंडाळलं. आता परत नाही झाकणार. तुम्ही तांब्यावर करून घ्या.”

मी ठसा घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली हाक मारली, “बाल्टेन! एक छाप काढायचाय.”

बाल्टेन आमचा छपाईवाला. तीस वर्षांपासूनची ओळख. त्याने ठसा चौकटीत घट्ट बसवला, शाईचे चामडी गोळे एकमेकांवर घासून ठशावर थोपटले आणि मला म्हणाला, “काय रे गोमार, म्हटलं मेलास की काय. ये, दांडा ओढायला मदत कर.” मग त्याला टानेकेचं आठवलं. दांडा त्याने एकट्यानेच ओढला.

कागद कोपऱ्याला धरून त्याने सोलल्यासारखा उचलला. मास्टर पुढे झाले. त्यांनी एकेक अंगठा बोटाने दाखवत तपासला. हातांवरची ओळ, खालची कविता तिथे नव्हतीच, नुसतं चित्र होतं, तरी त्यांचे ओठ हलत होते.

“उजवा,” ते म्हणाले. “आणि हाही उजवा.”

बोटाबद्दल ते काही म्हणाले नाहीत. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी आपली खूण केली, म्हणजे छापायला परवानगी, आणि वर निघून गेले. जिन्यावर त्यांची पावलं नेहमीपेक्षा हळू पडत होती.

बाल्टेनने कागद दोरीवर टांगला. मी जवळ गेलो. एक हात पुरुषाचा होता, रुंद, सांधे घट्ट, कातडी ताणलेली. तो माझा आहे हे मला माहीत होतं, पण मी तो ओळखला नसता. दुसरा मात्र लगेच ओळखला. ती पावाचा गोळा फिरवायची तो हात, पैलतीरावरून येणाऱ्या नावेकडे बघून हलवायची तो हात. करंगळी जिकडे असायची तिकडेच होती आणि जशी वाकायची तशीच वाकली होती. मला कळायच्या आत माझा हात वर गेला.

“अरे अरे, हात लावू नको,” बाल्टेन म्हणाला. “ओली आहे शाई. पुसली जाईल.”

मी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि शाई वाळेपर्यंत तिथेच उभा राहिलो.